वारंगा फाट्यावर वाटलेले बाळंतिणीचे लाडू

शारजाहून परत येऊन मला पंधरा दिवस झाले, पण बाळापुरात अजून एकानेही तिथला समुद्र कसा आहे, इमारती किती उंच आहेत, असं विचारलेलं नाही. भाजी घ्यायला गेले तरी आणि दवाखान्यात गेले तरी प्रश्न एकच, "बाई, ते लाडवाचं काय झालं वो?" दहा जणांना दहा वेळा सांगून घसा बसला. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच काढावं. ज्यांना शारजा वाचायचंय त्यांनी थोडा दम धरावा. बाळापूरहून निघालं की शारजाच्या आधी वारंगा फाटा लागतो आणि माझा निम्मा प्रवास तिथंच झाला.

आखाडा बाळापूर

आमची दीपा लग्न होऊन शारजाला गेली त्याला चार वर्षं झाली. मागच्या खेपेला तिचं पाचव्या महिन्यात गेलं. तेव्हा मी इथं आणि ती तिथं, फोनवर नुसत्या रडत बसलो होतो. या खेपेला नववा लागला तसा तिचा एकच धोशा. "आई, तू समोर पाहिजेस. तू नसलीस तर मला भीती वाटते." जावयाला रजा मिळेना, सासूबाईंचे गुडघे गेलेले. म्हणजे जायचं ते मीच. आमच्या ह्यांचा हळद शिजवायचा हंगाम ऐन भरात होता, त्यामुळे तेही येणार नव्हते. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या आठ दिवस आधी मला तिच्यापाशी पोचायचं होतं. बाकी सगळं गेलं खड्ड्यात.

आमच्याकडे गल्फला जाणारं माणूस म्हणजे चालतंबोलतं पोस्ट. तिकीट काढल्याचं कळलं की दारात पिशव्या यायला लागतात. कुणाचा भाऊ तिकडं गवंडी, कुणाचा पुतण्या हॉटेलात. "एवढी चटणी न्या बाई." "एकच बरणी हाये लोणच्याची, कोपऱ्यात बसंल." नाही म्हणायची रीतच नाही. नाही म्हटलं तर पुढची दहा वर्षं ते लग्नाकार्यात ऐकवलं जातं.

पण मागे जवळच्याच एका गावात एक प्रकार घडला होता. तिथला एक माणूस कामाला निघाला, वाटेत ओळखीच्या कुणीतरी त्याच्या हातात एक बरणी दिली आणि तिकडच्या विमानतळावर लोणच्याच्या तळाशी नशेच्या गोळ्या निघाल्या. त्याला काही ठाऊक नव्हतं, असं त्याची बायको अजून सांगते. तिकडं ऐकतंय कोण! मी अठ्ठावीस वर्षं शाळेत काढली, त्यातली शेवटची सहा मुख्याध्यापिका म्हणून. दरवर्षी पोरांना रांगेत उभं करून अमली पदार्थांविरुद्धची शपथ द्यायचे, ती अजून तोंडपाठ आहे. तेव्हा मी जाहीरच करून टाकलं, "खोलून बघितल्याशिवाय एक पुडी नेणार नाही."

आणि केलंही तसंच. ओसरीवर वर्तमानपत्र अंथरून, कात्री, चमचा आणि मैद्याची चाळणी घेऊन बसले. लोणच्यात चमचा तळापर्यंत घातला. चटण्या चाळल्या. एकाच्या धपाट्यांची चळत एकेक करून मोजावी तशी उलटून बघितली. तो म्हणाला, "बाई, तुमी पोलिसात जायला पायजे व्हतं." मला ती शाबासकी वाटली. तेवढ्यावर माझी मान ताठ.

आता रशीदाबीचं सांगते, कारण तिच्याशिवाय ही गोष्ट होत नाही. रशीदाबी आमच्या भिंतीला भिंत लागून राहते. बायकांचे कपडे शिवते. तिचा हात असा की पोलक्याची शिवण कुठं सुरू झाली आणि कुठं संपली ते शोधावं लागतं. तिचा सलीम माझा विद्यार्थी. आता शारजालाच विमानतळावरच्या मालाच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. दीपासाठी डिंकाचे लाडू आम्ही दोघींनी मिळून वळले होते. गोडंबी मी फोडली, खारीक मी कुटली, आणि खसखस तिनं भाजली, कारण माझ्या हातून ती नेहमी करपते.

निघायच्या दिवशी सकाळी जीप दारात उभी, सामान चढलेलं, आणि रशीदाबी हातात एक पार्सल घेऊन आली. पांढऱ्या मांजरपाटात घालून चारी बाजूंनी बारीक टाक्यात शिवलेलं.

"बाई, सलीमचं हाये."

"काय आहे यात?"

"कपडे हायेत. जराशी शेंगदाण्याची चटणी."

"खोलावं लागेल."

तिला वाटलं मी चेष्टा करते. ती हसली. मी आतून कात्री आणली तेव्हा हसायची थांबली. "माजंबी?"

"सगळ्यांचं खोललं रशीदाबी."

"सगळे अन् मी एकच का वो बाई?"

इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण माझा स्वभाव म्हणजे एकदा नियम केला की तो पुढे आणि मी मागे. म्हटलं, "नियम म्हणजे नियम," आणि तिच्यादेखत शिवण उसवली. आत सलीमचा कुडता निघाला. चटणीची पुडी निघाली. आणि अगदी तळाशी, मऊ कापडात गुंडाळलेलं एक पिवळं झबलं आणि टोपडं. टोपड्याच्या कडेनं हिरव्या दोऱ्याची इवली इवली पानं.

"ते तुमच्या नातवंडाचं व्हतं," रशीदाबी म्हणाली. "लेकरू झाल्यावर सलीम दवाखान्यात नेऊन देनार व्हता, आमच्याकडून म्हनून. आता बघितलंच तुमी. जाऊ द्या."

ती घरात गेली आणि दार लावून घेतलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "पण माझं चुकलं काय?" हे म्हणाले, "गाडीत बस."

वारंगा फाटा

बाळापूरहून वारंग्यापर्यंतचा रस्ता त्या दिवसांत बघण्यासारखा असतो. दोन्ही बाजूंना हळद शिजवणारे कुकर धूर ओकत असतात, वाफेचा वास जीपच्या आत येतो आणि रिकाम्या वावरात शिजलेली हळद वाळत पडलेली. एरवी मी हे सगळं बघत, जीप चालवणाऱ्या मारोतीला माहिती देत गेले असते. त्या दिवशी तोंडाला कुलूप होतं.

फाट्यावर गाड्यांची रांग लागली होती. पोलिसांची नाकाबंदी. मारोती उतरून बघून आला. "गांजा शोधून राहिले बाई. शेजारच्या राज्यातून ट्रकात येतो म्हनं. टाईम लागंल, च्या घेता का?" आम्ही रस्त्याकडेच्या धाब्यावर बसलो. चहा पुढ्यात आला आणि फोन वाजला. सलीम.

"बाई, कुठवर आल्या तुमी?"

"वारंग्याला आहे. का रे?"

"अम्मीचा फोन आलता. रडून राहिली. तुमी तिचं पार्सल खोललं म्हनं."

मी लगेच बाह्या सरसावल्या. "हे बघ सलीम, आजकाल कुणावर..."

"बराबर केलं बाई. शंभर टक्के बराबर केलं. अम्मीलाबी मी तेच बोललो. पन मी तिला इचारलं, बाईंच्या सोताच्या बॅगात काय हाये? तर म्हनली लाडू हायेत, आमी दोघींनीच वळले, खसखस मी भाजली. बाई, खरंच खसखस हाये का लाडवात?"

"आहे की! चांगली पावशेर घातलीय. शिवाय खिरीसाठी वेगळी पुडी घेतलीय." मी हे अभिमानानं सांगितलं, देवाशपथ.

पलीकडं त्याच्या गाडीचं इंजिन बंद झाल्याचं ऐकू आलं. मग तो म्हणाला, "बाई, तिथंच थांबा. पुढं जाऊ नका."

त्यानं मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. खसखस अफूच्या बोंडातून निघते. आपल्याकडे ती किराणा दुकानात मिळते, तिकडं ती अफूच्याच पंगतीत बसते. एक दाणासुद्धा चालत नाही. "मी डोळ्यानं बघितलंय बाई. आपल्याच भागातला म्हातारा माणूस व्हता, लेकाला भेटाया आलता. मसाल्याच्या डब्यात वाटीभर खसखस निघाली. लेक काचेच्या बाहेर हुबा अन् बाप आत. त्याला समजंनाच की त्यानं केलं काय."

लोणच्याच्या तळापर्यंत चमचा घालणारी मी! गावाच्या चटण्या चाळल्या मी! आणि बंदी असलेला माल माझ्याच बॅगेत, माझ्याच हातानं, वर तूप लावून ठेवलेला. दीपा दवाखान्यात एकटी पडली आहे आणि मी कुठल्यातरी काचेच्या आत बसून 'हे बाळंतिणीचं आहे हो' म्हणून हात जोडते आहे, असं सगळं डोळ्यापुढं आलं. चहाचा पेला माझ्या हातातून मारोतीनं काढून घेतला.

"लाडू काढून टाकते सलीम. आत्ता काढते."

"लाडू काढून भागत न्हाई बाई. दाने शिवणीत बसत्यात. ती बॅगच नेऊ नका. अम्मीला सांगितलंय, माझी जुनी बॅग घेऊन फाट्यावर ये म्हनून. ती निघाली."

ती निघाली! सकाळी जिच्या तोंडावर मी कात्री चालवली, ती माझ्यासाठी निघाली होती. मला रडू आलं, पण रडायला वेळ नव्हता. बॅग धाब्यावरच्या बाजेवर घेतली आणि उघडली.

खिरीची पुडी फुटली होती.

पांढरे दाणे सगळीकडं. साड्यांच्या घड्यांत, स्वेटरच्या विणीत, चपलेच्या पट्ट्यात, औषधाच्या चिठ्ठीवर. मी एक साडी झटकली तर धाब्यावर बारीक पाऊस पडला. मारोती म्हणाला, "बाई, हे तर पेरणीच झाली!" मी त्याच्याकडं बघितलं तसा तो दुसरी साडी झटकायला लागला.

आमचा हा उद्योग बघून नाकाबंदीवरचे एक वयस्कर हवालदार काठी बगलेत धरून आले. "काय शोधून राहिल्या बाई?"

"खसखस," मी म्हटलं.

ते हसले. मी शारजाला निघाले आहे हे कळल्यावर हसू विरलं. "मंग बराबर हाये. आमचा एक नातेवाईक तिकडं हाये, तोबी हेच सांगतो." ते गेले आणि बॅटरी घेऊन आले. भर उन्हात बॅटरी कशाला, मला कळेना. तर त्यांनी माझ्या पर्सच्या आत उजेड पाडला. अस्तराच्या कोपऱ्यात चार दाणे चमकले. "गाडीतबी आमी असंच बघतो. सीटच्या शिवणीत. मोठा माल लपवणारा शिवणीत दाने इसरतो. एवढ्यावर घावतो." मग रस्त्याकडं बघून म्हणाले, "आमी गांजा शोधून राहिलो, तुमी खसखस शोधून राहिल्या. चालू द्या तुमचं."

तेवढ्यात काळीपिवळी थांबली आणि रशीदाबी उतरली. एका हातात निळी बॅग, दुसऱ्या हातात कपड्यांचा ब्रश. ती बाजेवर बसली, माझी एकेक साडी उजेडात धरली, बोटानं शिवण न शिवण चाचपली आणि ब्रशनं झाडून निळ्या बॅगेत ठेवायला लागली. शिवणी बघणं हे तिचं रोजचंच काम. मला दिसला नसता असा दाणा तिला बोटालाच लागायचा. माझ्या आवडत्या साडीवर पांढऱ्या बुट्ट्या होत्या, अगदी खसखशीएवढ्या. ती साडी तिनं दोनदा उलटीपालटी केली आणि मारोतीकडं फेकली. "हिला घरी न्या. हिच्यात बुट्टी कोनती अन् दाना कोनता, अल्लालाच ठावं."

मी हसले. ती हसली नाही. मग बऱ्याच वेळानं, माझ्या परकराचा नेफा तपासत, मान वर न करता म्हणाली, "माजी पिशवी उसवायला दोन मिनटं लागले तुमाला. तुमची उसवायला आर्धा दिस चालला माजा."

"चुकलं माझं रशीदाबी," मी म्हटलं. "खोललं ते नाही म्हणत. ज्या पद्धतीनं खोललं ते चुकलं."

"व्हय. चुकलंच." तिनं नेफा झटकला. "पन तुमी माजं खोललं नसतं तर मी रडले नसते. मी रडले नसते तर पोराला फोन केला नसता. अन् खसखस म्याच भाजली व्हती ना? तुमाला तिकडं धरलं असतं तर मला हितं झोप आली असती का?"

मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला, कारण हातात ब्रश होता.

राहिले लाडू. दोन डबे भरून. परत न्यायचे तर ह्यांना साखर. मग धाब्याच्या मालकाला म्हटलं, वाटून टाका. रांगेत अडकलेले ट्रकवाले, धाब्यावरची माणसं, काळीपिवळीतले प्रवासी, सगळ्यांच्या हातात डिंकाचा लाडू आला. एक मिशीवाला पंजाबी ड्रायव्हर दोन लाडू खाऊन "ये किस खुशी में माताजी?" विचारायला आला. "बेटी की डिलिव्हरी," मी म्हटलं. त्यानं तिथंच हात जोडून दीपाला आशीर्वाद दिला. हवालदार आधी ड्युटीवर आहे म्हणाले, मग एक खिशात टाकला.

निघताना माझे हात, नखं, चपला सगळं रशीदाबीनं धाब्याच्या हौदावर धुवायला लावलं. सलीमचं उसवलेलं पार्सल तिनं पुन्हा शिवलं नाही. कुडत्याची घडी करून त्यात झबलं ठेवलं आणि वर एक सेफ्टी पिन लावली. जीप निघाली तेव्हा ती काळीपिवळीची वाट बघत उभी होती, माझी रिकामी बॅग हातात धरून आणि मारोतीकडून परत घेतलेली बुट्ट्यांची साडी काखेत मारून.

शारजा

नांदेड, हैदराबाद आणि विमान यांत सांगण्यासारखं काही नाही. खिडकीजवळची जागा होती आणि मी सगळा वेळ नखं तपासत होते.

उतरल्यावर तपासणीच्या रांगेत माझ्या पुढं एक तरुण माणूस होता. हातावर मेंदी, म्हणजे लग्न नुकतंच झालेलं. त्याच्या बॅगेतून त्यांनी एक डबा काढला. तो हिंदीत म्हणत होता, "मेरा नहीं है साहब, किसी ने दिया था देने के लिए." त्याला दोघं बाजूच्या खोलीत घेऊन गेले. ओरडणं नाही, धक्काबुक्की नाही. दार फक्त बंद झालं. त्या डब्यात काय होतं, त्याचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. पण ते मेंदीचे हात अजून मधूनच आठवतात आणि मन खिन्न होतं.

मग माझी पाळी. हातमोजे घातलेल्या एका बाईनं निळी बॅग उघडली. एक कुत्रा आला, बॅगेचा वास घेतला, माझ्या चपलेचा घेतला. त्या बाईनं हट्टा गावच्या माझ्या भावजयीनं दिलेली हळदीची पिशवी वर काढली आणि माझ्याकडं बघितलं. घरची हळद, पिवळीधमक पूड, वर ना नाव ना शिक्का. अठ्ठावीस वर्षं वर्गात बोलले आणि तिथं नुसतं गालाला हात लावून, हळद लावल्यासारखं करून दाखवलं. तिनं पूड यंत्रापाशी नेली, तपासली, परत आणली आणि अगदी स्वच्छ हिंदीत म्हणाली, "हल्दी. अच्छी है." कुत्रा केव्हाच पुढच्या माणसाकडं गेला होता.

जीव भांड्यात पडला म्हणतात ना, त्याचा आवाज मला ऐकू आला. बाहेर काचेपलीकडं जावई, एवढं पोट घेऊन दीपा आणि त्यांच्या मागं सलीम उभा. त्याला बघून मी आधी त्याच्याच गळ्यात पडले. दीपा म्हणाली, "आई, मी इकडं आहे."

शारजाचं काय सांगू? समुद्र हिरवा आहे आणि शहाण्यासारखा शांत आहे. रस्त्यावर कागदाचा कपटा नाही. रस्ता ओलांडायला पाय टाकला की गाड्या थांबतात, ह्याची सवय व्हायला मला चार दिवस लागले. आपल्याकडं गाडी थांबली की माणूस भांडायला उतरतोय असं वाटतं. खबूस नावाची त्यांची मोठी रोटी मिळते, ती ताजी असेपर्यंत उत्तम, दुसऱ्या दिवशी चपलेचा तळ. शेजारी केरळची एक बाई होती. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला, आणि रोज संध्याकाळी आम्ही तासभर गप्पा मारायचो.

मुलगी झाली. सुखरूप, मी पोचल्यापासून सहाव्या दिवशी, सकाळी. दीपानं माझा हात इतका दाबला की दोन दिवस बांगडी चढेना. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन बोलल्या तेव्हा मी खाली फरशीवर बसले आणि कुणाला न विचारता मोठ्यानं रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सलीम बायकोला घेऊन आला आणि कागदात बांधलेलं झबलं-टोपडं पुढं केलं. "अम्मीनं पाठवलंय." मी डोळे मोठे करून म्हटलं, "अगं बाई! काय सुंदर! पानं तर बघ!" सलीम खाली मान घालून हसत होता. दीपा म्हणाली, "आई, तुला नाटकात कुणी घेणार नाही."

लाडू तिथंच केले. सलीमनं खजूर आणला, जावयानं बदाम. खसखशीच्या जागी तीळ घातले. चव वेगळी लागली, पण बाळंतिणीनं खाल्ले. एक दिवस मात्र मी घोळ घातला. बाळाला ओव्याची धुरी द्यायला तव्यावर निखारा ठेवला आणि छतावरचं यंत्र असं बोंबललं की अख्खी इमारत जिन्यानं खाली. लुंगीत, टॉवेलात, एक जण दाढीला साबण लावलेला. मी बाळाला घेऊन सगळ्यात शेवटी उतरले आणि सगळ्यांनी बाळाकडं बघून मला माफ केलं.

निघायच्या आदल्या दिवशी सलीम आईसाठीचं सामान घेऊन आला. मी काही म्हणायच्या आत त्यानं सगळं पलंगावर मांडलं. एक शाल, गुडघ्याला लावायचं मलम, खजुराचा डबा झाकण काढून, आणि शिवणकामाची चांगली धारदार कात्री. शालीची घडी उलगडून झटकली. मलमाचं बूच उघडून दाखवलं.

"अरे, तुझ्यावर भरोसा आहे मला," मी म्हटलं.

"भरोसा हाये म्हनूनच दाखवून राहिलो बाई."

पुन्हा बाळापूर

येताना वारंगा फाट्यावर मारोतीनं न विचारताच गाडी थांबवली. धाब्याच्या मालकानं ओळखलं. "काय झालं बाई?" मुलगी म्हटल्यावर त्यानं आमच्या चहाबरोबर स्वतःच्या घरचे पेढे ठेवले. नाकाबंदी नव्हती. ते हवालदार दिसले असते तर बरं झालं असतं.

घरी पोचले, हातपाय धुतले आणि सामान घेऊन आधी शेजारी गेले. रशीदाबी मशीनवर होती. तिनं मशीन थांबवलं. मी शाल काढली, मलम काढलं, खजूर काढला, कात्री ठेवली. तिनं कात्री उघडून मिटून बघितली.

"पोरानं खोलून दाखवलं का तुमाला हे?"

"सगळं. एकेक करून."

"बरं केलं." मग तिनं भिंतीच्या खुंटीवर बोट दाखवलं. तिथं मांजरपाटाच्या लहान लहान पिशव्या लटकत होत्या. तोंडाशी शिवण नाही, नुसती नाडी ओवलेली. "आता गल्फच्या पार्सलाला हीच पिशवी देते मी समद्यांला. शिवून देतच न्हाई. ज्याला बघायचं त्यानं नाडी वढावी अन् बघावं. कात्री लागत न्हाई, अन् कुनाला वाईटबी वाटत न्हाई."

त्यातली एक भरलेली पिशवी काढून तिनं माझ्या मांडीवर ठेवली. "वढा."

"अहो, नको. राहू द्या."

"वढा म्हनते ना."

मी नाडी ओढली. आत चार डिंकाचे लाडू होते, वरून खसखस घोळलेले, कुठंही न करपलेली.

"हे हितंच बसून खायचे," रशीदाबी म्हणाली. "बॅगात टाकायचे न्हाईत."

एक तिला दिला, एक मी घेतला. अर्धा लाडू खाऊन झाल्यावर मी फोन काढून तिच्यापुढं धरला. पिवळ्या झबल्यात आमची नात झोपलेली, टोपडं डोळ्यांपर्यंत आलेलं, कडेला हिरवी पानं. रशीदाबीनं हातांना लागलेली खसखस पदराला पुसली, फोन दोन्ही हातांत घेतला आणि किती तरी वेळ बघत राहिली.

"जरा मोठं झालं ना वो टोपडं?"

"मोठं आहे जरा."

"व्हयच. मापाला लेकरू कुठं व्हतं माज्याकडं?" तिनं फोन परत दिला नाही. "जाऊ द्या. आता बघितलंच मी."